काय मागे ठेवायचे? टॉर्पेडो वाहणाऱ्या एका विमानाच्या ओझ्याची गोष्ट

#धागा #इतिहास #पहिले_महायुद्ध

१/
१२ ऑगस्ट १९१५. गॅलिपोली द्वीपकल्पाच्या उत्तरेला, सारोसच्या आखातात 'बेन-माय-क्री' हे ब्रिटिश जहाज उभे आहे. जहाजावरची क्रेन एक विमान उचलून अलगद समुद्रावर ठेवते. या विमानाला चाके नाहीत. चाकांच्या जागी होडीसारखे दोन पोकळ फ्लोट आहेत आणि त्या दोहोंच्या मधोमध, विमानाच्या पोटाखाली, एक टॉर्पेडो टांगलेला आहे. विमान दोघांसाठी बांधलेले असले तरी एक खुर्ची रिकामी आहे. निरीक्षकाला जहाजावरच थांबवले आहे. टाकीत पेट्रोलही मोजकेच भरले आहे.

२/
या उड्डाणाची नोंद इतिहासात 'हवेतून टॉर्पेडो सोडून शत्रूच्या जहाजावर केलेला पहिला हल्ला' अशी होते. नोंद बरोबर आहे. मात्र 'पहिला' या शब्दाच्या तेजात एक साधा प्रश्न दिसेनासा होतो: हे विमान पाण्यावरून उठावे म्हणून काय काय मागे ठेवावे लागले? शॉर्ट १८४ या विमानाचा सारा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरतो. आणि पुढच्याच वर्षी तैग्रिस नदीच्या काठी हाच प्रश्न कोकणातल्या आणि देशावरच्या उपाशी शिपायांच्या जिवावर बेतला. हा धागा त्या ओझ्याच्या हिशेबाचा आहे.

३/
आधी टॉर्पेडोविषयी. मराठीत त्याला 'पाणतीर' असा नेमका शब्द आहे. रॉबर्ट व्हाइटहेड या इंग्रज अभियंत्याने १८६६ मध्ये फ्यूमे बंदरात (आजचे क्रोएशियातील रियेका) स्वयंचलित टॉर्पेडो सिद्ध केला. दाबून भरलेल्या हवेवर त्याचे यंत्र चाले, पाण्याखाली ठरावीक खोलीवरून तो सरळ जाई आणि जहाजाचा तळ फोडी. युद्धनौकेचे पोलाद वरच्या बाजूला जाड असते, पाण्याखालची कूस त्या मानाने दुबळी. पाणतीर नेमका त्या कुशीवर घाव घालतो. त्यामुळे एक लहानशी नाव हजारो टनांच्या जहाजाला बुडवू शकेल, ही शक्यता प्रथमच निर्माण झाली.

४/
अडचण होती ती जवळ जाण्याची. छोट्या टॉर्पेडो बोटींना तोफांच्या माऱ्यातून वाट काढावी लागे. पाणबुडी लपून जाई, पण हळू. मग हवेतून का जाऊ नये? अमेरिकी नौदलातील ब्रॅडली फिस्क यांनी १९१२ मध्ये टॉर्पेडोवाहू विमानाच्या कल्पनेचे पेटंट घेतले. इटलीच्या नौदलातील अलेस्सांद्रो ग्विदोनी यांनी प्रयोगांची कास धरली आणि १९१४ च्या आरंभी सुमारे ३७५ किलोंचा नकली टॉर्पेडो विमानातून पाण्यात सोडून दाखवला. कल्पना एकाच वेळी अनेकांच्या डोक्यात होती. जमत नव्हते ते वजन.

५/
त्या काळची विमाने किती दुबळी होती, हे लक्षात घेतल्याशिवाय या खटपटीची किंमत कळत नाही. १९०९ मध्ये ब्लेरिओने इंग्लिश खाडी ओलांडली ती २५ अश्वशक्तीच्या इंजिनावर. आजच्या साध्या मोटारसायकलींची इंजिनेही त्याच्याशी बरोबरी करतात. लाकूड, कापड आणि तारा यांची ती रचना एका माणसाला कशीबशी उचलत असे. १४ इंच व्यासाचा, आरमाराच्या दृष्टीने अगदी लहान आणि जुनाट असा टॉर्पेडो घेतला, तरी त्याचे वजन ८०० पौंडांच्या घरात, म्हणजे साडेतीनशे किलोंहून अधिक. पाच धडधाकट माणसे पोटाखाली बांधून उडण्यासारखाच हा प्रकार.

६/
त्यात हे विमान सीप्लेन असणे भाग होते. जिच्यावरून अवजड विमान उडेल आणि जिच्यावर परत उतरेल, अशी लांबरुंद सपाट डेक असलेली जहाजे तेव्हा अस्तित्वातच नव्हती. म्हणून समुद्रालाच धावपट्टी मानायचे. पण समुद्र फुकट काही देत नाही. फ्लोटचे वजन इंजिनाने वाहायचे, हवेतही त्यांचा अडथळा सोसायचा. पाणी फ्लोटला धरून ठेवते. ती पकड सुटेपर्यंत विमान नुसते घसटत राहते. अगदी शांत पाण्यावर पकड सुटत नाही आणि खवळलेल्या पाण्यावर फ्लोट फुटतात. म्हणजे ज्या यंत्राला सर्वांत जड शस्त्र उचलायचे होते, त्याच्याच पायांत सर्वांत जड बेड्या होत्या.

७/
२८ जुलै १९१४ रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर कॅल्शॉट येथे आर्थर लाँगमोर यांनी शॉर्ट बंधूंच्या कारखान्यातील एका सीप्लेनमधून १४ इंची टॉर्पेडो पाण्यात सोडला. ब्रिटनमधला हा असा पहिला यशस्वी प्रयोग. त्याच दिवशी ऑस्ट्रिया-हंगेरीने सर्बियाविरुद्ध युद्ध पुकारले. प्रयोगाला वापरलेल्या विमानाचे इंजिन १६० अश्वशक्तीचे होते आणि त्याची सारी ताकद ते ओझे कसेबसे उचलण्यातच संपत होती. टॉर्पेडो उचलता येतो, एवढे सिद्ध झाले. तो घेऊन शत्रूपर्यंत जाता येते, हे सिद्ध व्हायचे होते.

८/
ब्रिटिश नौदलाच्या हवाई विभागाचे प्रमुख मरे स्यूटर या कल्पनेचे खंदे पुरस्कर्ते. त्यांनी अधिक ताकदीच्या विमानाची मागणी केली आणि होरेस शॉर्ट यांनी २२५ अश्वशक्तीच्या सनबीम इंजिनाभोवती नवे यंत्र रचले. पंखांचा पसारा ६३ फुटांहून अधिक. जहाजावर जागा कमी, म्हणून ते पंख मागे दुमडता येत. या विमानाच्या नावामागे काही गूढ नाही. नौदलाच्या वहीत पहिल्या नमुन्याला १८४ हा क्रमांक मिळाला, म्हणून पुढे ही सारी जात 'शॉर्ट १८४' म्हणून ओळखली गेली. युद्ध संपेपर्यंत अनेक कारखान्यांतून अशी ९०० हून अधिक विमाने बाहेर पडली.

९/
ज्या जहाजावरून ही विमाने गॅलिपोलीला गेली, त्या 'बेन-माय-क्री'चेही मूळ गमतीचे. हे मूळचे आइल ऑफ मॅन बेटाचे प्रवासी जहाज, वेगासाठी नावाजलेले. त्या बेटाच्या मांक्स भाषेत नावाचा अर्थ होतो 'माझ्या काळजाची पोर'. १९१५ च्या आरंभी नौदलाने ते भाड्याने घेतले, मागच्या बाजूला विमानांसाठी मोठी शेड उभारली आणि सुट्टीच्या सहलींचे जहाज युद्धावर रवाना झाले.

१०/
आता पाणतीर सोडण्याचे तंत्र. उंचावरून सोडला तर तो पाण्यावर आदळून मोडतो किंवा खोल सूर मारून तळाच्या चिखलात रुततो. वेडावाकडा पडला तर दिशा चुकते. म्हणून वैमानिकाने इंजिन मंदावून खाली यायचे, लाटांपासून पंधरा-वीस फुटांवर विमान सरळ आणि स्थिर धरायचे, लक्ष्याच्या रोखाने नाक ठेवायचे आणि मग खटका ओढायचा. बंदुकीच्या टप्प्यात, मंद वेगाने, सरळ रेषेत उडत राहायचे, ही अपेक्षा कापडी पंखांच्या विमानाकडून होती. तोवर शिकवायला कोणी अनुभवी नव्हते, कारण हे आधी कोणी केलेच नव्हते.

११/
१२ ऑगस्टला हे करायला निघालेला वैमानिक म्हणजे फ्लाइट कमांडर चार्ल्स एडमंड्स. १९१४ च्या नाताळच्या दिवशी जर्मनीच्या कुक्सहाफेन किनाऱ्यावर झालेल्या सीप्लेनच्या छाप्यातही तो होता. सारोसच्या आखातातून उठून त्याने बुलाइरची चिंचोळी भूपट्टी ओलांडली आणि तो मार्मारा समुद्रावर आला. खाली एक तुर्की मालवाहू जहाज दिसले. एडमंड्स १५ फुटांपर्यंत उतरला, सुमारे ३०० यार्डांवरून त्याने टॉर्पेडो सोडला. तो नीट धावला आणि जहाजाच्या कुशीत फुटला. वर उसळलेला पाण्याचा आणि धुराचा लोट वैमानिकाने मागे वळून पाहिला.

१२/
इथे कहाणीला पहिली गाठ पडते. त्याच सुमारास मार्मारा समुद्रात ब्रिटिश पाणबुडी ई-१४ वावरत होती. पाणबुडीच्या नाविकांचे म्हणणे असे, की ते जहाज त्यांनी काही दिवस आधीच टॉर्पेडो मारून जायबंदी केले होते आणि ते उथळ पाण्यात रुतून पडले होते. म्हणजे एडमंड्सने अचूक नेम साधला तो आधीच मेलेल्या सावजावर! हवाई टॉर्पेडोचा पहिला हल्ला, हे निर्विवाद. पहिले बळी, हे मात्र नाही. 'पहिला' हा किताब बहुधा असाच असतो. जवळ जाऊन पाहिले की त्याच्या कडा विरघळू लागतात.

१३/
पाच दिवसांनी, १७ ऑगस्टला, एडमंड्स पुन्हा निघाला. या वेळी दार्दानेल्सच्या सामुद्रधुनीत, अक बाशी लिमानजवळ, रसद घेऊन आलेल्या तुर्की जहाजांपैकी एकाला त्याचा टॉर्पेडो लागला आणि जहाज पेटले. या घावाचा मान मागायला कोणतीही पाणबुडी पुढे आली नाही. त्याच दिवशी जॉर्ज डेकर हा दुसरा वैमानिकही टॉर्पेडो घेऊन निघाला होता. वाटेत त्याचे इंजिन बिघडले आणि त्याला शत्रूच्या सामुद्रधुनीत पाण्यावर उतरावे लागले.

१४/
पुढे डेकरने जे केले ते कोणत्याही प्रशिक्षणात शिकवलेले नव्हते. इंजिन सुरू होते, पण ओझ्यासकट उडण्याइतका दम त्यात नव्हता. समोर एक तुर्की टग दिसली. डेकरने विमान होडीसारखे पाण्यावरून चालवत नेले, नेम धरला आणि पाण्यावरूनच टॉर्पेडो सोडला. टग बुडाली. साडेतीनशे किलोंचे ओझे उतरताच तेच आजारी इंजिन विमान उचलू लागले. बरेच अंतर पाण्यावरून धावत, किनाऱ्यावरून सुटणाऱ्या गोळ्या चुकवत तो हवेत उठला आणि 'बेन-माय-क्री'कडे परतला. शॉर्ट १८४ चे सारे सामर्थ्य आणि सारी मर्यादा या एका प्रसंगात मावते.

१५/
मग अशा हल्ल्यांची मालिका का झाली नाही? पुन्हा वजन. समुद्र योग्य तितकाच हलता हवा, वारा हवा, इंजिन निरोगी हवे आणि शत्रू जवळ हवा. या चारही गोष्टी एका दिवशी क्वचितच जुळत. शॉर्ट १८४ ला टॉर्पेडोसाठी घडवले खरे, पण पुढचे बहुतेक आयुष्य तिने गस्त घालण्यात, पाणबुड्या शोधण्यात आणि छोटे बॉम्ब टाकण्यात घालवले. 'बेन-माय-क्री'चा शेवट ११ जानेवारी १९१७ रोजी झाला. कास्तेलोरिझो बेटाच्या बंदरात नांगरलेली असताना तुर्की तोफांनी तिला पेटवून बुडवले.

१६/
ओझे बदलले की विमानाचा अर्थ बदलतो. ३१ मे १९१६ रोजी जटलंडच्या लढाईत 'एंगाडाइन' जहाजावरून एक शॉर्ट १८४ उडाली. तिच्यावर टॉर्पेडो नव्हता. त्याऐवजी वैमानिक फ्रेडरिक रटलंडच्या मागे निरीक्षक ट्रेविन होता आणि सोबत बिनतारी संदेशाचे यंत्र होते. ढगांखालून जाऊन त्यांनी जर्मन जहाजे हेरली, वळणारी दिशा कळवली. संदेश 'एंगाडाइन'ला मिळाले, सेनापतींच्या जहाजापर्यंत मात्र पोहोचले नाहीत. पेट्रोलची नळी फुटली तेव्हा रटलंडने पाण्यावर उतरून ती रबरी नळीने जोडली होती. माणसांनी आपले काम चोख केले; साखळीची पुढची कडी तुटली.

१७/
टॉर्पेडोची कल्पना मात्र मेली नाही. जर्मनांनी वजनाचे कोडे दोन इंजिने लावून सोडवले. १ मे १९१७ रोजी त्यांच्या सीप्लेनांनी इंग्लंडच्या सफोक किनाऱ्याजवळ 'जीना' हे मालवाहू जहाज टॉर्पेडोने बुडवले. ब्रिटिशांनी उलटी वाट धरली. त्यांच्या 'सॉपविथ कुकू' या नव्या विमानात फ्लोट काढून चाके लावली आणि निरीक्षकाची खुर्ची मुळातच ठेवली नाही. १९१५ मध्ये नाइलाजाने रिकामी ठेवलेली जागा पुढे आराखड्यातूनच पुसली गेली. ऑक्टोबर १९१८ मध्ये ही विमाने 'आर्गस' या सपाट डेकच्या जहाजावर पोहोचली. पुढच्याच महिन्यात युद्ध थांबले.

१८/
पुढचा प्रवास झपाट्याचा. १९२१ मध्ये ब्रिटिश वैमानिकांचे एक पथक जपानी नौदलाला शिकवायला गेले. सोबत 'कुकू' विमानेही गेली. नोव्हेंबर १९४० मध्ये टॉर्पेडो आणि बॉम्ब घेतलेल्या २१ ब्रिटिश 'स्वोर्डफिश' विमानांनी तारांतो बंदरात इटलीच्या युद्धनौका निकामी केल्या. डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर जपानी टॉर्पेडो विमाने उतरली. एडमंड्सच्या १५ फुटांवरच्या त्या उड्डाणापासून इथवर रेषा ओढता येते आणि बहुतेक पुस्तके ती तशीच ओढतात. पण शॉर्ट १८४ ची आणखी एक रेषा आहे. ती या चकचकीत नकाशावर सहसा दाखवत नाहीत.

१९/
ती रेषा मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये जाते. डिसेंबर १९१५ मध्ये जनरल टाउनशेंडची सहावी डिव्हिजन बगदादच्या वाटेवर मार खाऊन माघारी आली आणि तैग्रिसच्या वळणावरील कुत अल-अमारा या गावात तुर्की वेढ्यात अडकली. या डिव्हिजनचे नाव होते 'पूना डिव्हिजन'. तिच्यात ब्रिटिश, पंजाबी, राजपूत आणि इतर पलटणींबरोबर १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या तीन मराठा पलटणी होत्या. कोकणी मराठे, देशावरचे मराठे आणि दख्खनी मुसलमान यांच्या या पलटणी. भात आणि भाकरी खाणारी ही माणसे एका परक्या नदीच्या चिखलात पाच महिने कोंडली गेली.

२०/
बाहेरून सुटकेचे प्रयत्न झाले. जानेवारी ते एप्रिल १९१६ या काळात शेख साद, हन्ना, दुजैला, सन्नाइयात अशा लढायांत सुमारे २३ हजार माणसे मारली गेली किंवा जखमी झाली. वेढा मात्र फुटला नाही. आत शिधा घटत गेला. घोडे आणि खेचरे कापली जाऊ लागली. अनेक भारतीय शिपायांनी धर्मभावनेपोटी आणि गावी परतल्यावर वाळीत पडू या धास्तीने ते मांस नाकारले. हिंदुस्थानातून धर्माधिकाऱ्यांची संमती मागवली गेली. तरी कित्येकांचे मन वळले ते अगदी शेवटी, अंगातली ताकद सरल्यावर. भाजीपाला नव्हताच. स्कर्व्हीने हिरड्या सुजल्या, पाय गळाले.

२१/
एप्रिलच्या मध्यास आकाशाचा मार्ग उरला. वेढ्यातल्या फौजेला विमानांनी अन्न पुरवण्याचा हा जगातील पहिला मोठा प्रयत्न. रॉयल फ्लाइंग कोअरच्या ३० क्रमांकाच्या स्क्वॉड्रनची विमाने आणि नौदलाची सीप्लेने त्यात जुंपली गेली. त्या सीप्लेनांत शॉर्ट १८४ होत्या. ज्या जातीच्या विमानाने आठ महिन्यांपूर्वी जहाज फोडले होते, तिच्यावर आता पिठाची पोती बांधली जाऊ लागली. याआधी दळणाची सोय व्हावी म्हणून चक्कीचे दगडसुद्धा विमानातून कुतमध्ये टाकले गेले होते. धान्य आहे पण पीठ नाही, ही अडचण ज्या घरात जाते आहे त्या घराला वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

२२/
आणि इथे तोच जुना हिशेब आडवा आला. उष्ण हवा विरळ असते. विरळ हवेत पंखांना आधार कमी मिळतो आणि इंजिनही धापा टाकते. नॉर्थ सीच्या गारव्यासाठी घडवलेले यंत्र एप्रिलच्या मेसोपोटेमियात लंगडे झाले. टॉर्पेडोसाठी निरीक्षक आणि पेट्रोल वगळून एकदाच झेप घ्यायची होती. इथे शत्रूच्या रांगांवरून जाऊन परत यायचे होते, तेही दिवसामागून दिवस. त्यामुळे एका फेरीत शंभर किलोंच्या आगेमागे अन्न गेले तरी पुष्कळ. काही पोती तैग्रिसमध्ये पडली, काही तुर्की खंदकांत. वेढ्यातल्या माणसांनी ती डोळ्यांदेखत वाहून जाताना पाहिली.

२३/
रोज ५ हजार पौंड अन्न टाकावे, असे उद्दिष्ट होते. माणशी ते जेमतेम दीड-पावणेदोनशे ग्रॅम भरले असते. तेवढ्याच्या अर्ध्यापर्यंतही मजल गेली नाही. दोन आठवड्यांत साधारण आठ टन अन्न आकाशातून पडले. तुलनेसाठी एकच आकडा पुरे. २४ एप्रिलच्या रात्री 'जुल्नार' नावाची आगबोट वेढा भेदण्यासाठी २७० टन रसद घेऊन नदीतून निघाली. ती वाटेत अडकून तुर्कांच्या हाती पडली. एका बोटीत जेवढे होते, त्याच्या तीन टक्क्यांएवढेच सारी विमाने मिळून नेऊ शकली.

२४/
२९ एप्रिल १९१६ रोजी कुत शरण गेले. छावणीतले नोकरचाकर धरून सुमारे १३ हजार माणसे कैद झाली. आधीच खंगलेल्या साध्या शिपायांना उन्हाळ्यात वाळवंटातून पायी हाकलले गेले. कित्येक वाटेत पडले, कित्येक रास अल-ऐन येथे रेल्वेमार्गाच्या कामावर गेले. हजारो घरी परतले नाहीत. वैमानिकांनी कसूर केली, असे कोणी म्हणू शकत नाही. त्यांच्या यंत्राला जेवढे उचलता येत होते, तेवढे त्यांनी उचलले. चूक झाली होती ती त्याच्या फार आधी: पुरवठ्याची, बोटींची, औषधांची सोय न करता फौज पुढे ढकलणाऱ्यांची. विमानाने ती चूक फक्त मोजून दाखवली, शंभर-शंभर किलोंच्या मापाने.

२५/
शॉर्ट १८४ चे अख्खे विमान आज कुठे उरलेले नाही. जटलंडवर उडालेल्या रटलंडच्या विमानाच्या सांगाड्याचा पुढचा भाग तेवढा इंग्लंडमधील येवल्टनच्या संग्रहालयात जपून ठेवला आहे. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर झालेल्या बॉम्बहल्ल्यातून वाचलेला तो अवशेष. त्याचा क्रमांक ठाऊक आहे: ८३५९. वैमानिकाचे नाव ठाऊक आहे, निरीक्षकाचे ठाऊक आहे, उड्डाणाची वेळही ठाऊक आहे. एका लाकडी विमानाची इतकी निगुतीने आठवण ठेवली जाते, ही चांगलीच गोष्ट आहे.

२६/
मेसोपोटेमियात मेलेल्या आणि ज्यांचे थडगे ठाऊक नाही अशा ४० हजारांहून अधिक सैनिकांसाठी इराकमध्ये बसरा स्मारक उभारले गेले. त्याच्या दगडांवर ब्रिटिश सैनिकांची नावे आहेत, भारतीय अधिकाऱ्यांचीही आहेत. साध्या भारतीय शिपायांची मात्र नावे कोरली गेली नाहीत. पलटणीच्या नावाखाली 'आणि इतर इतके सैनिक' अशा अर्थाचा नुसता आकडा कोरला गेला. दगडावर जागा पुरली नसती, असे त्या काळच्या अधिकाऱ्यांना वाटले असेल किंवा गरजच वाटली नसेल. नावे कागदावरच्या यादीत राहिली, दगडावर गेली नाहीत.

२७/
इतिहास लिहिणाऱ्याच्या हातीही शेवटी असेच एक यंत्र असते. त्याची वाहण्याची ताकद ठरलेली असते आणि प्रत्येक पानावर काहीतरी मागे ठेवावे लागते. 'पहिला हवाई टॉर्पेडो' हे वाक्य हलके आहे, सहज उडते. कुतच्या वाटेवर पाण्यात पडलेले पिठाचे पोते जड आहे, म्हणून ते बहुतेक वेळा किनाऱ्यावरच राहते. शॉर्ट १८४ ची गोष्ट सांगताना मार्माराबरोबर तैग्रिसही सांगायला हवी, ती एवढ्यासाठी. १०३, ११० आणि ११७ या तीन आकड्यांमागची माणसे सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरकडची होती. त्यांच्या गावांत कुठे कुठे महायुद्धावर गेलेल्यांची संख्या सांगणारे संगमरवरी फलक आजही भिंतींत बसवलेले दिसतात. त्यांवरही बहुधा आकडाच असतो. जवळून जाताना क्षणभर थांबून तो वाचावा आणि त्यातली काही नावे गावात अजून कुणाला आठवतात का, हे विचारून पाहावे.

धागा समाप्त.